जनरेटर, बॅटऱ्या आणि कोयनेचे हादरे

कोकणातल्या लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्स बघतो. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला जो भूकंप झाला, ते ठिकाण आमच्या पूर्वेला घाटमाथ्यापलीकडेच. बिल्डिंगचा हिशेब सगळे करतात, आतल्या मशिनरीचा फारसा कोणी करत नाही. मला तीच काळजी होती.

सुरुवात जनरेटरपासून केली. तो स्प्रिंगच्या माउंटवर असतो. स्प्रिंग रोजची थरथर खाते, पण भूकंपात तीच त्याला नाचवते, उडवूनही लावते. म्हणून बेसच्या चारही बाजूंना जाड अँगलचे स्टॉपर लावले, आत रबर पॅड, मध्ये जेमतेम ५ मिमी फट. फट ठेवायचीच, नाहीतर स्प्रिंगचा उपयोगच संपतो. वर उचलला जाऊ नये म्हणून स्टॉपरला आडवी पट्टीही दिली. डिझेलच्या ताठ पाइपमध्ये जाळीदार स्टीलचा फ्लेक्सिबल होज घातला, थोडा ढिला ठेवून.

विजेची पॅनेल उंच आणि अरुंद, ती आधी कलंडणार. मागची भिंत जांभ्याची. ड्रिल लावलं की भोकातून लाल भुगा येतो आणि फास्टनर हाताने फिरतो! भिंतीचा नाद सोडला. खालच्या काँक्रीटमध्ये केमिकल अँकर (भोकात रेझिनने चिकटवलेले बोल्ट) बसवले आणि शेजारशेजारची पॅनेल वरून एकमेकांना जोडली. बॅटऱ्यांच्या रॅकला पुढून दांडी, मधल्या फटीत फोम.

बोल्ट स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे घेतले. आपल्या खाऱ्या, दमट हवेत साधा बोल्ट आतून कधी गंजतो ते कळतही नाही. दर पावसाळ्यानंतर नट तपासून घेतो.