घरासाठी छोटी पवनचक्की: नाशिक परिसरात जागा निवडण्यापासून देखभालीपर्यंत

नाशिक जिल्ह्यात घरगुती पवनचक्कीचा विचार करताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी. येथे वारा वर्षभर सारखा वाहत नाही; त्याचे खरे महिने जून ते सप्टेंबर हेच आहेत. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यावरून पूर्वेकडे येतात, आणि आभाळ भरलेले असल्याने सौर पॅनेलचे उत्पादन सर्वांत कमी असते तेव्हाच हे वारे जोरात असतात. मार्च ते मे या काळात दुपारनंतर वारा सुटतो, पण तो सलग नसतो. पाऊस परतल्यावर ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत वारा बहुतेक पडलेलाच राहतो. त्यामुळे केवळ पवनचक्कीवर घर चालवण्याची अपेक्षा ठेवू नये, तर सौर पॅनेल हा मुख्य आधार आणि पवनचक्की ही पावसाळ्यातली जोड, अशी आखणी करावी. पॅनेल अजून बसवलेले नसल्यास पहिला पैसा तिकडेच खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक किलोवॉटचे पॅनेल सरासरी दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते, शिवाय २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान छतावरच्या सौर संचाला मिळते, पवनचक्कीला नाही.

जागा योग्य आहे का?

गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको किंवा पंचवटीतील इमारतीच्या गच्चीवर पवनचक्की बसवू नये. गच्चीवर उभे राहिल्यावर वारा भरपूर जाणवतो हे खरे, पण आजूबाजूच्या इमारती, पाण्याच्या टाक्या आणि कठडे यांवर आपटून तो विस्कळीत झालेला असतो. दर काही सेकंदांनी दिशा बदलणाऱ्या अशा वाऱ्यात पाती स्थिर गतीने फिरत नाहीत, बेअरिंग लवकर झिजतात आणि कंपने स्लॅबमधून खालच्या खोल्यांपर्यंत पोहोचतात. उभ्या अक्षाच्या पवनचक्क्या खास गच्चीसाठीच बनवल्या आहेत, असे विक्रेते सांगतात. त्या कोणत्याही दिशेचा वारा घेतात, पण तेवढ्याच आकाराच्या आडव्या अक्षाच्या चक्कीपेक्षा त्यांची कार्यक्षमता साधारणपणे कमी असते, आणि मुळात वाराच दुबळा असेल तर यंत्राच्या रचनेने ती उणीव भरून निघत नाही.

सिन्नरच्या पठारावरील वस्ती, चांदवडच्या डोंगररांगेलगतचा माळ, इगतपुरी किंवा त्र्यंबक तालुक्यातील उघडी टेकडी, अशा ठिकाणच्या घरांनी मात्र हा विचार जरूर करावा. जागा पाहताना पश्चिम आणि नैऋत्य या दिशा मोकळ्या आहेत का, हे आधी तपासावे, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. द्राक्षबागायतदारांना येथे एक पेच पडतो. बागेला झोंबणारा वारा अडवण्यासाठी पश्चिमेच्या बांधावर लावलेली उंच झाडांची ओळच पवनचक्कीचाही वारा खाते. अशा वेळी झाडे तोडण्याऐवजी त्या ओळीच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या अंगाला, मनोऱ्यासाठी जागा शोधावी.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते, आणि वेग निम्मा झाला तर ती आठव्या हिश्श्यावर येते. जागेच्या निवडीत झालेली किरकोळ वाटणारी चूक उत्पादनात मोठी होऊन दिसते ती यामुळेच. त्यातही वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिल्याप्रमाणे कोणतीही पवनचक्की ५९.३ टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा घेऊ शकत नाही, आणि छोट्या यंत्रांत सर्व तूट धरून वर्षाची सरासरी २० ते २५ टक्के हाती लागली तरी ते चांगले मानावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकची हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा विरळ आहे, हेही लक्षात घ्यावे. माहितीपत्रकातील आकडे बहुधा घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम घनता धरून काढलेले असतात. येथे ती १.१ च्या आसपास असते, म्हणजे उत्पादनात जवळपास १० टक्क्यांची घट आधीच धरावी.

तीन मीटर व्यासाच्या चक्रावर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या वर्तुळावर, हा हिशेब करून पाहू. त्याचे वाऱ्याला सामोरे येणारे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर भरते. मनोऱ्याच्या उंचीवर वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर वेगातील नेहमीचे चढउतार धरूनही दिवसाला साधारण एकच युनिट वीज मिळते. तीच सरासरी ५ मीटर असेल, तर दिवसाला साडेचार युनिटांच्या आसपास वीज मिळते. यंत्र तेच, खर्चही तोच, पण एका ठिकाणी ते घराला उपयोगी ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ शोभेचे राहते. म्हणून ‘एक किलोवॉटची पवनचक्की’ या शब्दांवर खरेदी करू नये. ही क्षमता बहुधा सेकंदाला १० ते १२ मीटर, म्हणजे ताशी ३६ ते ४३ किलोमीटर वेगाला मोजलेली असते, आणि तेवढा वारा आपल्याकडे वर्षातील फार थोडे तास असतो. विक्रेत्याला चक्राचा व्यास विचारावा, आणि ३, ५ व ७ मीटर वेगाला प्रत्यक्ष किती वॉट मिळतात ते लेखी घ्यावे.

वाऱ्याचा पहिला अंदाज झाडांवरून बांधता येतो. पाने नुसती सळसळत असतील तर वेग सेकंदाला ३ मीटरपर्यंत असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर साडेतीन ते साडेपाच मीटर. धूळ, कागद उडत असतील आणि लहान फांद्या हलत असतील तर साडेपाच ते आठ मीटर. आठ मीटरच्या पुढे लहान झाडे मुळापासून शेंड्यापर्यंत डोलू लागतात. जागतिक पवन नकाशा आणि चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे पाहून तालुक्याचा अंदाज येतो, मात्र आपल्या बांधावरचा वारा नकाशात दिसत नाही. त्यासाठी नोंद साठवणारे वेगमापक यंत्र घेऊन ते नियोजित मनोऱ्याच्या शक्य तितक्या जवळच्या उंचीवर, पाइपवर बसवावे आणि पूर्ण वर्षाची नोंद ठेवावी. केवळ जुलैच्या नोंदीवर निर्णय घेतला, तर उत्पादनाचा अंदाज फुगतो. वर्षाची सरासरी साडेचार मीटरपेक्षा कमी निघाल्यास पवनचक्कीचा विचार सोडून तेवढ्याच पैशात जादा पॅनेल आणि बॅटऱ्या घ्याव्यात.

मनोरा आणि पाया

चक्राचे सर्वांत खालचे टोक दीडशे मीटर अंतरातील प्रत्येक झाड आणि बांधकामापेक्षा किमान नऊ मीटर वर असावे. बांधावर बारा मीटरची निलगिरी असेल, तर पात्यांचे खालचे टोक एकवीस मीटरवर येते, आणि झाड अजून वाढणार असेल तर तेही धरावे लागते. एवढी उंची ऐकून बहुतेकांना मनोऱ्यावरच काटकसर करावीशी वाटते, परंतु मोकळ्या माळावर दहा मीटरऐवजी वीस मीटरचा मनोरा घेतल्याने वाऱ्यातील ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते, आणि झाडे-घरे असलेल्या भागात ही वाढ त्याहून अधिक असते. मोठे यंत्र घेऊन ते ठेंगण्या खांबावर लावण्यापेक्षा मध्यम यंत्र उंच मनोऱ्यावर लावणे केव्हाही श्रेयस्कर.

घरगुती वापरासाठी बिजागरीवर आडवा करता येणारा, ताणतारांनी धरलेला मनोरा सर्वांत सोयीचा पडतो, कारण दुरुस्तीसाठी कोणालाही वर चढावे लागत नाही. त्याला एका बाजूने पूर्ण लांबीएवढी आडवी होण्याची जागा लागते, आणि ताणतारांचे नांगर मनोऱ्याच्या किमान निम्म्या उंचीएवढ्या अंतरावर घ्यावे लागतात. निफाड, येवल्यासारख्या काळ्या मातीच्या भागात येथे विशेष दक्षता हवी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरच्या थरात ओतलेला नांगर हलतो, तारा सैल पडतात आणि ऐन जूनच्या वाऱ्यात मनोरा झुलू लागतो. खोदकाम काळ्या थराखालच्या पक्क्या मुरमापर्यंत न्यावे, काँक्रिटला २८ दिवस द्यावेत, आणि पायाचा आराखडा गवंड्याच्या अंदाजावर न सोडता स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा. घर, रस्ता, शेजाऱ्याची हद्द आणि महावितरणच्या तारा या सर्वांपासून मनोऱ्याच्या दीडपट उंचीएवढे अंतर ठेवावे. शेतातून जाणारी अकरा केव्हीची लाइन जवळ असेल, तर जागाच बदलावी.

डिसेंबर-जानेवारीतील सकाळ उभारणीला योग्य असते, कारण तेव्हा वारा जवळजवळ नसतो. मनोरा उचलण्यापूर्वी जनित्रातून येणाऱ्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून ठेवाव्यात. त्यामुळे चक्रावर विद्युत रोध येतो आणि पाती अचानक वेगाने फिरत नाहीत. हीच जोडणी पुढे ब्रेकच्या स्विचमधून कायमची करून घ्यावी.

वीजजोडणी

सौर संच बसवणाऱ्या वायरमनकडूनही एक चूक येथे हमखास होऊ शकते. बॅटरी भरल्यावर सौर नियंत्रक पॅनेलची जोडणी तोडतो आणि त्याने काहीही बिघडत नाही. पवनचक्कीवरचा भार असा तोडला, तर चक्र मोकळे सुटून बेफाम फिरते, व्होल्टेज चढते आणि पाती किंवा जनित्र निकामी होते. म्हणून जादा वीज उष्णतेच्या रूपाने खर्च करणारा भार जोडलेला, खास पवनचक्कीसाठीचा चार्ज कंट्रोलरच वापरावा, आणि तो भार जळाऊ वस्तूंपासून दूर, हवेशीर जागी बसवावा. जोराच्या वाऱ्यात शेपटीच्या साहाय्याने चक्र वाऱ्यापासून बाजूला वळवणारी यंत्रणा आहे का, तेही खरेदीपूर्वी पाहावे.

संच ४८ व्होल्टचा घ्यावा. पाचशे वॉटसाठी २४ व्होल्टवर २१ अँपिअर प्रवाह वाहतो, तर ४८ व्होल्टवर त्याच्या निम्मा, आणि त्यामुळे त्याच जाडीच्या तारेतील तूट चौथ्या हिश्श्यावर येते. उंच मनोऱ्यापासून घरापर्यंतच्या लांब तारेत हा फरक महत्त्वाचा ठरतो. बारा व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्यांत ७.२ युनिट साठतात, पण त्यांतील निम्मेच वापरावेत, म्हणजे बॅटऱ्या टिकतात. दिवे, पंखे, टीव्ही आणि छोटा फ्रिज यांना साडेतीन युनिट पुरू शकतात. गीझर आणि विहिरीची मोटर यावर घेऊ नये.

महावितरणच्या जाळ्याला जोडायचे असेल तर आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बंद पडतो, म्हणून ज्यांना भारनियमनातही वीज हवी आहे त्यांनी बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर निवडावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात, त्यामुळे मनोरा आणि प्रत्येक ताणतार यांना स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि घरात शिरणाऱ्या तारेवर सर्ज अरेस्टर, म्हणजे अचानक चढलेला विद्युतदाब जमिनीत सोडणारे उपकरण, बसवावा.

परवानगी आणि देखभाल

ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडे लेखी अर्ज करावा. ओझर विमानतळ, गांधीनगर आणि देवळालीच्या लष्करी परिसराजवळ राहणाऱ्यांनी मनोऱ्याच्या उंचीचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. नांदूर मध्यमेश्वरच्या आसपास मात्र पवनचक्की उभारूच नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले राज्यातील हे पहिले क्षेत्र आहे, आणि हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेत ताणतारा आणि पाती आणणे योग्य नाही. अन्यत्रही ताणतारांवर ठळक रंगाच्या खुणा लावाव्यात.

देखभालीचे मुख्य काम मे महिन्याच्या पूर्वार्धात उरकावे. मनोरा आडवा करून नट-बोल्ट, बेअरिंग, पात्यांच्या कडा आणि तारांची जोडणी तपासावी, ताणतारांचे टर्नबकल (तार ताणण्याचे पेच) समान ताणावर आणून ते सुटू नयेत म्हणून तारेने बांधावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ताण पुन्हा पाहावा. पावसाळ्यात नवी घरघर ऐकू आली, तर ब्रेक लावून चक्र थांबवावे आणि वारा कमी होईपर्यंत मनोऱ्याला हात लावू नये. येवल्याच्या बाजूला, जेथे संक्रांतीला आभाळ पतंगांनी भरते, तेथे भोगीच्या आदल्या दिवशीच ब्रेक लावून ठेवावा. त्या दिवसांत वारा तसाही थोडा असतो, आणि बेअरिंगभोवती गुंडाळलेला नायलॉन मांजा काढण्यासाठी संपूर्ण मनोरा खाली घ्यावा लागतो.