मार्च-एप्रिलचा हवामान अंदाज कसा वाचायचा

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. रॅकवर माल टाकला की बारा-पंधरा दिवस डोळे आभाळाकडेच. एक सर आत शिरली तरी बेदाणा काळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. म्हणून अंदाज नीट वाचायला शिका.

आधी स्वतःचा जिल्हा शोधू नका. हवामान खात्याचं देशभराचं पत्रक उघडा. नुसता पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी ढगाळ, पावसाळी हवा असेल, तर पाऊस-बर्फ बहुधा काश्मीर, हिमाचलकडे. तेवढ्यानं ताडपत्री बाहेर काढू नका. पण विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा दिसला की सावध व्हा. समुद्रावरचं बाष्प त्या पट्ट्यात ओढलं जातं, दुपारच्या उन्हानं ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाट.

मग आपला विभाग बघा. सांगली ‘मध्य महाराष्ट्रा’त येते. इथं शब्द तोलून वाचायचे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के. इशाऱ्याचा पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. मी मात्र पिवळ्यालाच वाऱ्याच्या बाजूचे पडदे सोडून दोऱ्या आवळतो.

पडदे सारखे बंद ठेवलेत तर माल घुसमटतो, म्हणून ते कधी उघडायचे हे हवामान खात्याच्या पुढच्या तीन तासांसाठीच्या तातडीच्या इशाऱ्यावर ठरवा. वीज पडण्याचा इशारा मिळावा म्हणून ‘दामिनी’ ॲप घ्या. शेडवर बायका कामाला असतात तेव्हा ते माझ्या हातातच असतं.