कथालेखनाच्या कार्यशाळेतून खरंच काही शिकायचं असेल तर

कार्यशाळेला जाताना बहुतेकजण आपली सर्वांत चांगली, घासूनपुसून पूर्ण केलेली कथा नेतात. ती नेऊ नका. जी कथा मोडायची तुमची तयारीच नाही, तिच्यावर शिक्षकांनी कितीही नेमकं बोट ठेवलं तरी उपयोग नाही. दुसरा-तिसरा खर्डा न्या. त्याला सुरुवात आणि शेवट असावा, पण तो कुठेतरी अडलेला असावा. अडीच ते चार हजार शब्द पुरेत. त्याहून लांब कथेवर तासाभरात बारकाईने बोलणं होत नाही. पानांना क्रमांक द्या, शेऱ्यांसाठी रुंद समास सोडा आणि कथा आठवडाभर आधी पोचती करा. ‘मला यातून असं म्हणायचंय’ अशी चिठ्ठी सोबत जोडली, की वाचक कथेत नसलेलंही त्यात वाचू लागतो.

दुसऱ्यांच्या कथा दोनदा वाचा, पहिल्यांदा पेन हातात न घेता. मग अर्धं पान लिहा: कथा कशाबद्दल आहे, कुठे धरून ठेवते, लक्ष नेमकं कोणत्या परिच्छेदात उडालं. आपल्या कथेत न दिसणारा दोष दुसऱ्याच्या कथेत चटकन दिसतो, म्हणून हे काम टाळणारा निम्मं शिक्षण गमावतो.

चर्चेच्या वेळी लेखकाने गप्प बसायचं, ही बऱ्याच कार्यशाळांची जुनी रीत. तिला कारण आहे: खुलासा म्हणून तुम्ही जे सांगणार, नेमकं तेच कागदावर उतरलेलं नसतं. ही शांतता काहींना फार जाचते. त्यांच्यासाठी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार टप्प्यांची पद्धत चांगली. आधी काय भावलं ते वाचक सांगतात, मग लेखक प्रश्न विचारतो, नंतर वाचक मत न लादणारे प्रश्न विचारतात आणि शेवटी लेखकाची परवानगी असेल तरच मतं मांडतात. यात लेखकाचा प्रश्न नेमका हवा. ‘कथा कशी वाटली?’ याला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘बहीण खोटं बोलतेय हे तिसऱ्या पानावर कळतं का?’ असं विचारलं तर कामाचं उत्तर मिळतं.

आता खरा भाग, शेरे वाचण्याचा. तीन-चार दिवस वही बंद ठेवा. नंतर एकाच जागी किती वाचक अडखळले ते पाहा. ती जागा सहसा खरी असते. सुचवलेला उपाय मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो. ‘शेवट पटत नाही’ असा शेरा आला की लोक शेवटच बदलत बसतात. दोष पुष्कळदा पहिल्या दोन पानांत असतो, कारण पात्राला काय हवंय हे तिथे पेरलेलंच नसतं.

समजा, खर्ड्यात वाक्य आहे: ‘नितीनला वडिलांचा खूप राग आला, पण तो घर सोडू शकत नव्हता.’ शिक्षकांनी समासात लिहिलं, ‘दिसत नाही.’ विशेषणं वाढवून ते दिसणार नाही. कृती शोधा: ‘नितीनने घराची किल्ली वडिलांसमोर टेबलावर आपटली. दारापर्यंत गेला, परत आला, किल्ली उचलून खिशात टाकली.’ राग आणि अडकलेपण दोन्ही आले, शिवाय पुढच्या प्रसंगासाठी किल्ली हाताशी राहिली. प्रत्येक वाक्याचं असं करू नका, कथा फुगते. कथा जिथे वळते तिथेच करा.

पुनर्लेखन कोऱ्या पानावर करा. जुन्या मजकुरात डागडुजी केली की जुनी लय आणि जुने दोष तसेच राहतात.

चांगल्या शिक्षकाचा एक धोकाही असतो: काही महिन्यांत सगळे विद्यार्थी त्यांच्यासारखं लिहू लागतात. त्यांचे प्रश्न घ्या, वाक्यं घेऊ नका. ते वारंवार विचारतात ते पाच-सहा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुढचा खर्डा त्यांच्याकडे देण्याआधी एकेक प्रश्न स्वतःच त्याला विचारा.