अमेरिकेतल्या जोडीदाराकडे जायचा इमिग्रंट व्हिसा: कुठला कागद कधी काढायचा

नवरा किंवा बायको अमेरिकेत आणि दुसरा पुण्यात, साताऱ्यात नाहीतर दुबईत. अशा जोडप्यांचं सगळं लक्ष फॉर्मकडे असतं, पण महिनेच्या महिने जातात ते दाखल्यांमध्ये. काही दाखले फार उशिरा काढले जातात, काही फार लवकर. म्हणून इथे फॉर्मइतकंच क्रमाबद्दल सांगितलं आहे.

आधी पात्रता पाहून घ्या. अमेरिकेतला जोडीदार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तरच हा मार्ग खुला आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला जोडीदारासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला कायमचं आणण्याचा पहिला अर्ज, भरता येत नाही, त्याच्या जोडीदारासाठी एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा आहे. नागरिकाच्या जोडीदाराला रांगेचा कोटा लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराची केस एफ२ए या गटात जाते, आणि तिथे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख पाहत थांबावं लागतं. वाट पाहत असताना तो नागरिक झाला, तर लगेच कळवून केस वरच्या गटात नेता येते. मुलांच्या बाबतीत मात्र गंमत उलटी आहे. एफ२ए मध्ये मुलं आईच्या किंवा बापाच्या केसमध्येच येतात, पण नागरिकाच्या केसमध्ये प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. जोडीदाराला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर हे लग्न त्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं असावं लागतं.

नाव

मराठी घरांतल्या फायलींत सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत तांदळात नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही बदलतात. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, आधारवर तिसरं असं होऊन बसतं.

लग्नानंतर नाव बदलणं अमेरिकन व्हिसासाठी अजिबात बंधनकारक नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल आणि विवाह प्रमाणपत्रात तेच नाव नीट आलं असेल, तर तो तसाच ठेवणं सर्वांत सोपं. बदलायचंच असेल तर पासपोर्ट सगळ्यात आधी बदला, आय-१३० भरण्यापूर्वी. मग बाकी सगळं त्या नावाने करा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटवर पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे ते काढून झाल्यावर पासपोर्ट बदलला की तो दाखला नव्याने काढायची वेळ येते.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, हेही पाहा. तो रिकामा असेल तर अमेरिकन नोंदीत तुमचं पूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, पहिलं नाव माहीत नाही) येतं. पुढे बँक, लायसन्स, सोशल सिक्युरिटी सगळीकडे ते चिकटतं. जी जी नावं कधी वापरली ती सगळी फॉर्ममध्ये 'इतर नावं' या जागी लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. न लिहिलेलं नाव नंतर एखाद्या दाखल्यावर सापडलं की प्रश्न उभा राहतो.

दाखले, आणि ते कुठे सापडतात

जन्मदाखला जन्म जिथे झाला तिथे नोंदलेला असतो, तुम्ही वाढलात तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे पद्धत, त्यामुळे मुंबईत वाढलेल्या कितीतरी जणांची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. आधी आईला विचारा, मग कार्यालय गाठा. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. तसा दाखला पुढे केला तर तो तुमचाच आहे हे सिद्ध होत नाही, म्हणून त्याच कार्यालयात अर्ज करून नाव घालून घ्या. आई-वडिलांची नावं पासपोर्टवरच्या नावांशी ताडून पाहा. नोंदच नसेल तर ती सापडत नसल्याचा लेखी दाखला त्या कार्यालयाकडून घ्या आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आणि आई-वडिलांचं किंवा जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. नोंद जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली असेल, तरी हे जादाचे पुरावे तयार ठेवा.

लग्नाचं प्रमाणपत्र म्हणजे निबंधकाने दिलेलं. मंदिराची पावती, कार्यालयाची पावती किंवा गुरुजींनी लिहून दिलेलं पत्र चालत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नमुना 'ड' मध्ये अर्ज आणि नमुना 'ई' मध्ये प्रमाणपत्र असतं. वर, वधू आणि तीन साक्षीदार लागतात. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सह्या दोन टप्प्यांत होतात, मध्ये दिवस जातात. परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला मुलगा लग्न, देवदर्शन, जेवणावळी आटोपून परत जातो आणि नोंदणी राहून जाते, हे फार वेळा घडतं. मग नोंदणीसाठी पुढच्या रजेची वाट. नोंदणी त्याच रजेत बसवा, आणि प्रमाणपत्र हातात येताच तिथेच उभं राहून स्पेलिंग, जन्मतारखा आणि लग्नाची तारीख तपासा.

दोघांपैकी कुणाचंही आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. स्टँप पेपरवर लिहून दिलेली काडीमोड घेऊन गेलात तर केस अडते. घटस्फोटाचा हुकूम नव्या लग्नाच्या नंतरच्या तारखेचा असेल तर ते लग्नच ग्राह्य धरलं जात नाही. अशा वेळी आधी वकील गाठा, फॉर्म नंतर.

मराठीतल्या कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्के आणि शेऱ्यांसह. भाषांतरकाराने खाली लिहायचं की आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. त्याखाली नाव, सही, तारीख. हे काम ओळखीतल्या माणसाकडून करून घेता येतं, पण नवरा-बायकोने स्वतः न केलेलं बरं.

आय-१३०

हा अर्ज अमेरिकेतला जोडीदार भरतो. एप्रिल २०२४ पासूनची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५ आहे. भरण्याआधी चालू दर पाहून घ्या. ऑनलाइनच भरा: पावती लगेच मिळते आणि पुढचे पुरावे तिथेच चढवता येतात. सोबत बाहेरच्या जोडीदाराचा आय-१३०ए लागतो. त्यात मागच्या पाच वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या येतात. हीच माहिती पुढे डीएस-२६० या इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात सोळाव्या वर्षापासूनच्या पत्त्यांसह पुन्हा द्यायची असते, म्हणून एक वही किंवा एक्सेल शीट करा: कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत कुठे राहिलात, कुठे काम केलंत. दोन्ही फॉर्म त्यावरूनच भरा. पूर्वी व्हिजिटर किंवा विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला असेल तर त्यात काय लिहिलं होतं तेही आठवून पाहा, ती नोंद अधिकाऱ्यासमोर असते.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून चारशे फोटो पाठवू नका. पंचवीस-तीस पुरेत, पण प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि फोटोतल्या माणसांची नाती लिहा: साखरपुडा, हळद, लग्न, नंतरच्या भेटी, दोन्हीकडची मंडळी. ठरवून झालेल्या लग्नात एकत्र राहिलेले दिवस थोडे असतात. त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण कांदेपोहे कधी झाले, स्थळ कुणी सुचवलं, लग्नानंतर किती दिवस एकत्र होतात, हे एका पानावर सरळ लिहून जोडा. पत्रिका, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, खात्यावर पाठवलेले पैसे, विमा किंवा पीएफला जोडीदाराचं नॉमिनेशन हे सगळं शब्दांपेक्षा जास्त बोलतं. चॅटची पानं महिन्याला एक-दोन बास.

एनव्हीसी आणि पैशांची हमी

अर्ज मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) जाते. तिथे डीएस-२६० चे ३२५ डॉलर आणि हमीपत्राचे १२० डॉलर भरायचे असतात, तेही अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच. मग दाखल्यांचे स्कॅन चढवायचे: एका दाखल्याची सगळी पानं एकाच फाइलमध्ये, मागची बाजू कोरी नसेल तर तीसुद्धा. मूळ कागद रंगीत स्कॅन करा, झेरॉक्सचा स्कॅन परत येण्याची शक्यता मोठी. एनव्हीसीशी वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही तर केस बंद होऊ शकते, म्हणून कागद तयार नसले तरी अधूनमधून लॉगिन करा.

हमीपत्र म्हणजे आय-८६४. अमेरिकेतल्या जोडीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांसाठी ते २६,४३७ डॉलर होतं. आकडा दरवर्षी बदलतो. घरातली माणसं मोजताना चूक होते ती अशी: आधी आई-वडिलांना ग्रीन कार्डवर आणताना आय-८६४ सही केलं असेल आणि ती हमी अजून चालू असेल, तर तेही मोजायचे, मग ते वेगळ्या घरात राहत असले तरी. सोबत आयआरएसचं (अमेरिकेचं आयकर खातं) ताज्या वर्षाचं टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, डब्ल्यू-२ हा कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र. भारतातल्या जोडीदाराचा इथला पगार धरला जात नाही, तीच नोकरी तिकडे गेल्यावरही चालू राहणार असेल तर गोष्ट वेगळी.

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते, नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट. म्हणजे लागतात २६,४३७, उत्पन्न २०,०००, तूट ६,४३७, तर १९,३११ डॉलरची मालमत्ता, वर्षभरात रोख करता येईल अशी. नाहीतर अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक संयुक्त हमीदार घ्या. मात्र मामाला किंवा मित्राला सही मागण्यापूर्वी खरं काय ते सांगा. ही हमी जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर सुमारे दहा वर्षांच्या कामाचे चाळीस तिमाही जमा होईपर्यंत टिकते, आणि घटस्फोटाने संपत नाही.

दोघंही भारतात राहत असाल तर हमी देणाऱ्या जोडीदाराचा अमेरिकेतला मुक्काम सिद्ध करावा लागतो: तिकडचं बँक खातं, टॅक्स, नोकरीचं पत्र, भाड्याचा करार, मुलांची शाळा. यात काहीच नसेल तर नागरिक जोडीदाराने आधी किंवा बरोबरीने तिकडे बस्तान हलवणं भाग आहे.

पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, मुलाखत

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढा, फी ५०० रुपये. ठाण्यातून लिहून आणलेला दाखला वेगळा, तो चालत नाही. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो. दुबई, मस्कत, सिंगापूर अशा दुसऱ्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो, आणि तो भारतात आल्यावर मिळवणं जिकिरीचं असतं. तिथून निघण्यापूर्वीच काढून ठेवा. अमेरिकेत राहिला असाल तर तिथला लागत नाही. दाखला दोन वर्षं चालतो. सोडलेल्या देशाचा मात्र, पुन्हा तिथे गेला नसाल, तर जुनाही चालतो. म्हणून भारतातला दाखला आय-१३० मंजूर झाल्यावर काढणं सोयीचं.

महाराष्ट्र-गोव्यातल्यांची मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत होते. मेडिकल मुलाखतीच्या तारखेचं पत्र आल्यावरच, आणि वकिलातीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. तपासणी साधारण सहा महिने ग्राह्य असते आणि व्हिसाची मुदत तिच्याशी बांधलेली असते, त्यामुळे घाईने करून ठेवण्यात तोटा आहे. पण अगदी आदल्या दिवसावरही नको. एक्स-रेत क्षयाची शंका आली तर थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे जाऊ शकतात. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर जुने एक्स-रे आणि उपचारांची कागदपत्रं घेऊन जा. लसीकरणाची कार्डं शोधा. गर्भवती असाल तर आधीच सांगा, गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लसी तेव्हा देत नाहीत.

मुलाखतीला स्कॅन केलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत, दोन बाय दोन इंचाचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन फोटो, चष्म्याशिवाय, आणि डीएस-२६० चं पुष्टीपत्र न्या. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या जोडीदाराने हजर असणं सक्तीचं नाही. प्रश्न साधे असतात: ओळख कशी झाली, ते काय काम करतात, घरी कोण कोण आहे, आधीचं लग्न होतं का. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. २२१(जी) ची, म्हणजे केस तूर्त अडवून ठेवल्याची, चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका, तिच्यावर कुठला कागद हवा ते लिहिलेलं असतं. तो वर्षाच्या आत द्यायचा.

व्हिसा आला की निघण्यापूर्वी २३५ डॉलरची यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, त्याशिवाय ग्रीन कार्ड छापलं जात नाही. आणि लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर व्हिसाची मुदत पाहून ती तारीख उलटल्यावरच विमानात बसा. दोन वर्षांच्या आत उतरलात तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरून सगळे पुरावे पुन्हा द्यावे लागतात. नंतर उतरलात तर दहा वर्षांचं कार्ड. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्राची तारीख दाखवा आणि शिक्क्यावर सीआर (सशर्त) आहे की आयआर (बिनशर्त), ते तिथेच वाचून घ्या.