विद्यार्थ्यांनो, स्वस्त तिकिटाच्या नादात या चुका टाळा

शिमगा, गणपती किंवा सेमिस्टरची सुट्टी आठवड्यावर आली की माझा फोन म्हणजे तिकीट खिडकी होते. "ताई, वेटिंग ८७ आहे, होईल का गं?" "ताई, बस ४९९ला दिसत होती, पैसे भरताना ६८० कसे झाले?" विचारणारे बहुतेक नेरुळ-घणसोलीकडे हॉस्टेलवर किंवा पीजीत राहणारे ज्युनिअर. मी ठाण्याच्या कोपरीतली. इंजिनिअरिंगची चार वर्षं ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईत ये-जा केली, आणि गाव कुडाळजवळ, त्यामुळे कमी पैशात गावी पोचायची विद्या नाइलाजानेच आली. ती शिकवताना हल्ली माझा आवाज चढतो. चुका त्याच त्याच असतात, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसले आहे.

पनवेलला तारीख बदलते

ही चूक मी सेकंड इयरला केली, म्हणून हिच्यावर माझा खास राग आहे.

शिमग्याला गावी जायचं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत सबमिशन, मग खारघरला मैत्रिणीकडे जेवून पनवेलहून कोकणकन्या पकडायची असा बेत. महिनाभर आधी ॲपवर पनवेल ते कुडाळ टाकलं, शनिवारची तारीख निवडली, स्लीपरचं कन्फर्म तिकीट मिळालं. शनिवारी रात्री अकरालाच प्लॅटफॉर्मवर जाऊन बसले. पाठीवर सॅक, हातात आजीच्या महिन्याच्या औषधांची पिशवी. गाडी आली, चढले, तर माझ्या बर्थवर एक काका शाल पांघरून झोपलेले. मी त्यांना उठवलं. नुसतं उठवलं नाही, चांगलं तावातावाने उठवलं. टीसी आले, माझा मोबाइल हातात घेतला, खाली-वर करून बघितलं.

"बाळा, ही गाडी काल गेली."

"काका, शनिवारचंच तिकीट आहे की."

"हो ना. शनिवार काल रात्री बाराला लागला. आता रविवार लागलाय."

कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते, ठाण्याला बाराच्या आत येते आणि पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. पनवेलहून शोधताना ॲप तारीख मागतं ती पनवेलची. शनिवारच्या रात्रीची गाडी हवी असेल तर पनवेलला रविवार टाकावा लागतो. मी शनिवार टाकला होता, म्हणजे शुक्रवारी रात्री सुटलेली गाडी. गाडी निघून गेल्यावर कसला आलाय परतावा! शिवाय विनातिकीट म्हणून पावती फाटली. किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. पुढच्या थांब्यावर जनरलला गेले आणि रत्नागिरीपर्यंत दाराजवळ कुणाच्या तरी आंब्याच्या रिकाम्या पेटीवर बसून होते. त्या काकांची माफी मागायचं राहूनच गेलं.

याच घोळाची धाकटी बहीण म्हणजे तत्काळ. तत्काळचं बुकिंग गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १०ला आणि स्लीपरचं ११ला. आता नेरुळचा मुलगा पनवेलला १३ तारखेला चढणार म्हणून १२ला सकाळी ११ वाजता फोन घेऊन बसतो. गाडी मात्र सीएसएमटीहून १२लाच सुटणार असते, तेव्हा तिचं तत्काळ ११ तारखेलाच उघडून संपलेलंही असतं. मग मला मेसेज: "ताई, साइट गंडली आहे." साइट पुष्कळदा गंडते, पण त्या दिवशी बिचारीचा काही दोष नसतो.

साध्या आरक्षणालाही हाच हिशोब. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, आणि हे ६० दिवसही गाडी सुटते तिथल्या तारखेपासून मोजायचे. २०२६ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. शनिवार १२च्या रात्री सुटणाऱ्या गाडीचं बुकिंग १४ जुलैला सकाळी ८ला उघडणार. तुम्ही ठाण्याला १२ला चढा की पनवेलला १३ला, उघडण्याचा दिवस तोच. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, त्यात एक दिवस चुकलात तर थेट जनरल.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दोन तारखांच्या चौकटींच्या मधल्या रेघेवर गाडीचं नाव लिहिते. मग ॲपमध्ये त्या गाडीचं पूर्ण वेळापत्रक उघडून माझ्या स्टेशनपुढे पहिला दिवस लिहिलाय की दुसरा ते बघते, आणि त्यानंतरच तारीख टाकते. एवढंही डोक्यात बसत नसेल तर सरळ ठाण्याहून चढा. नवी मुंबईकरांना ठाण्याला यायचा एवढा कंटाळा का असतो ते मला आजवर कळलेलं नाही.

दहा एकोणसाठला जागे होणारे

१ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार जोडलेलं खातं लागतं. हे माहीत असूनही लोक ११ला एक मिनिट असताना लॉगिन करतात आणि पासवर्ड विसरलेला असतो. ओटीपी बाबांच्या फोनवर जातो आणि बाबा डोंबिवली लोकलमध्ये. आधार, पासवर्ड, प्रवाशांची यादी, यूपीआयमधली शिल्लक हे सगळं आदल्या रात्री बघून ठेवायचं असतं. ज्याला एवढं जमत नाही त्याने तत्काळच्या नशिबाला बोल लावू नये.

यातूनच "शंभर रुपये दे, मी माझ्या आयडीवरून काढून देतो" म्हणणारे दादा तयार होतात. स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून धंदा म्हणून तिकिटं काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३खाली गुन्हा आहे. दादा पकडला गेला की तुमचं तिकीटही लटकतं.

वेटिंगबद्दल एकच सांगते. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, ते दाखवून चढू नका. आरएसी असेल तर खुशाल जा, अर्धी सीट हक्काची असते.

दीडशे रुपये वाचवून कळंबोलीला उभं राहणं

घणसोलीला पीजीत राहणारी माझी मैत्रीण कोल्हापूरची. सेमिस्टर संपल्यावर ॲपवर बस शोधली, किमतीच्या क्रमाने लावली आणि सगळ्यात वरची घेतली. बाकीच्यांपेक्षा दीडशेने स्वस्त होती. पिकअप पॉइंट कळंबोली, वेळ रात्री ११.५०. मी म्हटलं वाशीहून बस घे, तर म्हणाली, "दीडशेत दोन दिवसांचं जेवण होतं."

घणसोलीहून लोकल आणि पुढे रिक्षा, म्हणजे दीडशे तिथेच संपले. कळंबोली सर्कल ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, तिथे 'कळंबोली' म्हणजे निदान चार जागा. पुलाखाली एक, हॉटेलसमोर एक, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी एक आणि जिथे ड्रायव्हरला वाटेल तिथे एक. ॲपवर बसचं ठिकाण अर्धा तास सायनला गोठलेलं. ड्रायव्हर फोन उचलेना. साडेबाराला उचलला आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही लोणावळ्याच्या अलीकडे आहोत."

इथपर्यंत नुकसान तिकिटापुरतंच होतं. पण ती चिडली होती. तिथेच उभ्या उभ्या तिने बस कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला आणि पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "परतावा लगेच देतो, फक्त हे ॲप टाका, स्क्रीन दिसली पाहिजे. आता पाच रुपये पाठवून खातं तपासू." तिने पिन टाकला. खात्यातून ८,४०० रुपये गेले. मेस आणि भाड्याचे होते ते. मला रडत फोन केला तेव्हा दोन वाजले होते, आणि १९३०वर तक्रार केली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण आधी लाज वाटत होती. पैसे परत आले नाहीत.

१९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. तिथे जितक्या लवकर सांगाल तितकी ते पैसे मध्येच अडवले जायची आशा जास्त, म्हणून लाज सकाळी वाटून घ्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन म्हणजे तुम्ही पैसे देताय. कंपनीचा नंबर फक्त तिकिटाच्या मेसेजमधून किंवा ॲपच्या आतून घ्यायचा. रेल्वेचा १३९ आहे, तोही आजच सेव्ह करा.

पिकअपच्या बाबतीत मी फार जुन्या वळणाची आहे. बसचा जो थांबा मी दिवसाउजेडी स्वतः पाहिलेला नाही, तिथून रात्रीची बस घेत नाही. आणि किंमत बघताना माझ्या खोलीपासून सीटवर बसेपर्यंतचा सगळा खर्च वहीत मांडते. हसतात मला, हसू देत.

एसटीचं भाडं आधी बघा

खासगी बसचं ॲप उघडण्याआधी एसटीचं तिकीट किती ते बघायचं, कारण आपली फूटपट्टी तीच. २०१८च्या सरकारी निर्णयाप्रमाणे खासगी बसवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. दिवाळीत किती जण तो पाळतात हे तुम्हीच बघताय. पण एसटीचा आकडाच माहीत नसेल तर लुटले जातोय हेही कळत नाही. मुलींनो, १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मुलगी असून सरळ खासगी बसचं ॲप उघडणाऱ्या ज्युनिअरला मी त्या दिवशी उत्तर देत नाही.

सुट्टीत दोन-चार ठिकाणं फिरायची असतील तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. आगारात जाऊन चौकशी करा. हो, जाऊन. माणसाशी बोलावं लागेल.

सगळं ऑनलाइनच स्वस्त असतं हा भ्रम

विद्यार्थ्याला सुट्टीत गावी जाताना रेल्वेच्या सेकंड आणि स्लीपर क्लासला ५० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. २०२०मध्ये बऱ्याच सवलती बंद झाल्या, ही राहिली. पण ती ॲपवर दिसत नाही. कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्म घ्यायचा, सही-शिक्का घ्यायचा आणि आरक्षण खिडकीवर जायचं. ऑफिसातले काका जेवायला गेले असतील, फॉर्म संपले असतील, उद्या या म्हणतील. तरी जा. पंधरा रुपयांच्या कूपन कोडसाठी तासभर घालवणारी मुलं या अर्ध्या भाड्यासाठी एक चक्कर मारत नाहीत, याला काय म्हणावं?

कोकणवाल्यांसाठी आणखी एक. सकाळी लवकर दिव्याहून सावंतवाडीला गाडी सुटते. वेळ भरपूर खाते, पण जनरलचं तिकीट चालतं आणि दिवसा पोचता. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा गेल्या मे महिन्यातला स्क्रीनशॉट बघून घराबाहेर पडू नका.

फुटकळ, पण रोजचे

लोकलच्या मोबाइल तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवावं लागतं, म्हणून बॅटरी सांभाळा.

ब्राउझरच्या गुप्त विंडोत विमान स्वस्त मिळतं, हे मी दोन वर्षं करून पाहिलं. काही होत नाही. मंगळवार-बुधवार धरून तारखा पुढे-मागे केल्या की होतं.

पैसे भरायच्या पानावर विमा, दान, 'प्राधान्य' असल्या खुणा आधीच केलेल्या असतील तर काढा. तुम्हाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणं २०२३च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार चुकीचं आहे, तरी डोळे आपलेच उघडे हवेत. ४९९चे ६८० असेच होतात.

'मुंबई' नाव असलेलं पहिलं स्टेशन निवडू नका. एलटीटी म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस, ते कुर्ल्याला आहे, सीएसएमटी नाही.

विमानाचंही आता तसंच झालंय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. शोधताना दोन्ही एकाखाली एक येतात. नेरुळवाल्याला एनएमआय दारात आहे. पण पहाटे पाचचं स्वस्त विमान पकडायला ठाण्याहून निघाल तर शेवटची लोकल आणि टॅक्सीचं भाडं आधी मोजा. तीनशेने स्वस्त तिकीट आणि आठशेची टॅक्सी, हे माझ्या मावसभावाने करून दाखवलंय.

काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना जादा सामान देतात, पण कॉलेजचं ओळखपत्र काउंटरवर दाखवावं लागतं. ते बहुतेकांचं चेक-इन केलेल्या बॅगेच्या तळाशी असतं. केबिन बॅग साधारण ७ किलो, आणि ती घरीच तोलायची. आमच्याकडे काटा नाही, म्हणून मी खालच्या वाण्याकडे जाते. तो तांदळाच्या गोणीशेजारी सॅक ठेवतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "साडेआठ." मग मी तिथेच पायरीवर बसून पुस्तकं काढते आणि वर आईला हाक मारते.