कॅनडाला कुटुंबासह जायचं तर आधी कागदांवरची नावं बघा

आम्ही फोंड्याचे. नवरा आठ वर्षं कुवेतला होता, मी शाळेत शिकवायचे, मुलगी नववीत. एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे वय, शिक्षण, भाषा यांच्या गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या पद्धतीतून, कायम वास्तव्य मिळालं.

पहिलं काम: मुख्य अर्जदार कोण, हे दोघांचे गुण काढून ठरवा. नवऱ्याचं नाव पुढे करायची आपल्याकडे सवय आहे, पण आमच्यात माझेच गुण जास्त भरले. वयाचे गुण तिशीपासून घटतात, पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. म्हणून 'पुढच्या चवथीनंतर बघू' म्हणू नका. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल 2 वर्षं चालतो, आपली पदवी कॅनडातल्या कुठल्या शिक्षणाच्या तोडीची हे ठरवणारं मूल्यमापन 5 वर्षं. आधी मूल्यमापन करा, कारण गोवा विद्यापीठाकडून कागद मिळवायला ताळगावच्या खेपा होतात.

आमचं खरं घोडं अडलं ते स्पेलिंगवर. माझ्या जन्मदाखल्यावर 'गांवकर', पासपोर्टवर 'गावकर', इंग्रजीत एक अक्षर जास्त. एजंट म्हणाला, चालेल. मी ऐकलं नाही, आधी दुरुस्ती करून घेतली. तुम्हीही घ्या.

गेल्या 10 वर्षांत कुठल्याही देशात सलग 6 महिने राहिला असाल, तर तिथला पोलीस दाखला लागतो. आखातात किंवा बोटीवर काम केलेल्यांनी हे आधीच तपासावं. कुवेतचा दाखला यायला आम्हाला फार वेळ लागला, आणि कॅनडाकडून अर्ज करायचं निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जाला मिळतात फक्त 60 दिवस.

मुलं साधारणपणे 22 वर्षांखालची आणि अविवाहित असतील तरच सोबत धरतात. सासूबाईंना त्यात धरता येत नाही. हे त्यांना घर विकायच्या आधी सांगा.