मरणाऱ्या पेशीतलं ई-कॅडहेरिन: दोन्ही काप ब्लॉटवर कसे पकडायचे

ॲपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणात, ई-कॅडहेरिन हे शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन दोन बाजूंनी कापलं जातं. पेशीच्या आत कॅस्पेज-३ (पेशी मरताना प्रथिनं कापणारं एन्झाइम) त्याची शेपटी तोडतं; त्यातून साधारण २४ किलोडाल्टनचा तुकडा निघतो आणि बीटा-कॅटेनिन या आतल्या प्रथिनाला धरणारा भाग पडद्यापासून सुटतो. बाहेर मेटॅलोप्रोटीनेज (धातूच्या आयनाच्या मदतीने प्रथिनं कापणारं एन्झाइम) शेजारच्या पेशीला धरणारा भाग छाटतं, आणि तो ८४ किलोडाल्टनच्या आसपासचा तुकडा मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढतात त्या द्रवात जातो. अख्खं प्रथिन १२०चं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) हे पट्टे आकारावरून ओळखायचे. म्हणजे पुरावा दोन ठिकाणी असतो, आणि नेमका अर्धा पुरावा सिंकमध्ये ओतला जातो: मीडियम आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी.

एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या) पेशी घ्या. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी पुरवणाऱ्या संस्थेतून मागवल्या असतील तर गोव्यात बांबोळीला किंवा ताळगावला पोचलेला काठोकाठ भरलेला फ्लास्क लगेच उघडू नका. रात्रभर ३७ अंशांवर ठेवा आणि मग जादा मीडियम काढा. सहा खणांच्या प्लेटमध्ये खणाला ३ लाख पेशी पेरा आणि थर सलग होऊन आणखी एक दिवस जाऊ द्या. विरळ पेशींत सांधेच नीट बनलेले नसतात. तिथे तुटणार काय?

आधी फक्त स्टॉरोस्पोरिन (ॲपॉप्टोसिस घडवणारं औषध) देऊन ०, ४, ८ आणि २४ तास बघा. पार्प (कॅस्पेज कापतं असं केंद्रकातलं प्रथिन) ११६वरून ८९वर निम्म्याच्या आसपास उतरलेलं दिसेल ती वेळ मुख्य प्रयोगासाठी धरा. मग खणाला १ मिली सीरमविरहित मीडियम घाला. सीरम ठेवलंत तर ६६च्या अल्ब्युमिनचा ढीग ८४च्या पट्ट्याला खालून ढकलतो.

सहा खण असे: नुसतं डीएमएसओ (औषधं ज्यात विरघळवतात ते द्रावक), स्टॉरोस्पोरिन, झेडव्हॅड (कॅस्पेज रोखणारं) आणि स्टॉरोस्पोरिन, जीएम६००१ (मेटॅलोप्रोटीनेज रोखणारं) आणि स्टॉरोस्पोरिन, तिन्ही एकत्र, आणि दोन्ही इनहिबिटर, पण स्टॉरोस्पोरिनशिवाय. झेडव्हॅड ५० मायक्रोमोलर (२० मिलिमोलर साठ्यातून २.५ मायक्रोलिटर), जीएम६००१ १० मायक्रोमोलर (१० मिलिमोलरमधून १ मायक्रोलिटर). ही दोन्ही तासभर आधी द्यायची. नंतर स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर (१ मिलिमोलरमधून १ मायक्रोलिटर). प्रत्येक खणात एकूण डीएमएसओ ४.५ मायक्रोलिटर भरेल असं बघा, नाहीतर तुलना फसते. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं, आणि गोव्याच्या जून-जुलैत ते फारच जोमाने. म्हणून साठे छोट्या वाटण्यांत गोठवा आणि ट्यूब खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढू नका.

पेशी गोळा करताना ट्रिप्सिनला (पेशी सोडवायच्या नेहमीच्या एन्झाइमला) हात लावायचा नाही. कॅल्शियम असेपर्यंत ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग ट्रिप्सिनला बऱ्यापैकी दाद देत नाही. ईडीटीएने कॅल्शियम काढलं की तो सहज कापला जातो. मग कंट्रोलमध्येही छाटलेलं प्रथिन दिसतं आणि आपण भलत्याच एन्झाइमचा अभ्यास करत बसतो.

मीडियम बर्फावरच्या ट्यूबमध्ये घ्या. (बर्फाचं मशीन बंद असेल तर मासळी बाजारातला बर्फ चालतो, झाकणं तेवढी घट्ट.) ५०० जीवर ५ मिनिटं फिरवा, खाली बसलेल्या पेशी टाकू नका, सगळ्यात जास्त मेलेल्या त्याच असतात. वरचा द्रव १०,००० जीवर १० मिनिटं पुन्हा फिरवा, म्हणजे पेशींचे बारीक तुकडे जातील, आणि ३० किलोडाल्टनच्या फिल्टरवर ५० मायक्रोलिटरपर्यंत आटवा. चिकटलेला थर कॅल्शियम-मॅग्नेशियमवाल्या पीबीएसने धुऊन १५० मायक्रोलिटर रिपा या पेशी फोडणाऱ्या बफरमध्ये स्क्रेपरने खरवडा आणि त्यातच त्या खाली बसलेल्या पेशी विरघळवा. इथे मात्र ५ मिलिमोलर ईडीटीए हवंच, ते मेटॅलोप्रोटीनेज थांबवतं. बाजारातल्या नेहमीच्या प्रोटीएज कॉकटेलवर कॅस्पेज रोखण्यासाठी विसंबू नका. लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या या द्रवात, २० मायक्रोमोलर झेडव्हॅड घाला. प्रथिन मोजून झालं की लगेच सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा.

लायसेटचं २५ मायक्रोग्रॅम प्रथिन ४–२० टक्के ग्रेडियंट जेलवर चढवा. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ, ०.४५मधून छोटा तुकडा आरपार जाऊ शकतो. एकच अँटिबॉडी दोन्ही तुकडे दाखवणार नाही. शेपटीवरची, उदाहरणार्थ क्लोन ३६, लायसेटसाठी. बाहेरच्या भागावरची, उदाहरणार्थ डेक्मा-१, आटवलेल्या मीडियमसाठी. डेक्मा-१ माउसची नव्हे, रॅटची आहे, तेव्हा सेकंडरी अँटिबॉडी (पहिलीला ओळखणारी) तपासून घ्या.

वाचताना एक सापळा आहे. झेडव्हॅडने २४ गेला आणि ८४ही कमी झाला, तर कॅस्पेज बाहेरून कापतं असं लिहून मोकळं होऊ नका. झेडव्हॅड मरणाची प्रक्रियाच अडवतं, त्यामुळे पुढची छाटणीही मंदावू शकते. जीएम६००१ने ८४ गेला आणि २४ तसाच राहिला, हा जास्त बोलका निकाल.

नुसत्या डीएमएसओच्या खणातच पार्प तुटलेलं असेल तर दोष औषधाचा नाही. पावसात रात्री वीज गेली होती का आणि इन्क्युबेटर यूपीएसवर होता का, ते आधी विचारा. १२० फिका पडला, मीडियममध्ये ८४ आहे, पण २४ कुठेच नाही, असं झालं तर ट्रान्सफरनंतरचं जेल कुमासीत रंगवा, मेम्ब्रेनच्या मागे दुसरं मेम्ब्रेन लावून बघा आणि ट्रान्सफरची वेळ कमी करा. तरीही नसेल तर आधीचे तास तपासा, कारण उशिराच्या वेळांना हा तुकडाही आणखी तुटून गेलेला असू शकतो.